टोपीवाल्याबद्दल आपले मत लिहा

मत कसं द्यावं हे शिकायचं असेल तर सेन्यो ओदिलियाकडे जावं, असं शेला गावात सगळेच सांगत. आणि एखाद्या गोष्टीवर खुद्द सेन्यो ओदिलियाचं मत काय आहे हे जाणून घ्यायचं असेल, तर मात्र घरी जाऊन स्वस्थ झोपावं.

परक्या देशांतून आलेल्या लोकांना स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळेत ती बावीस वर्षं सेन्यो, म्हणजे मास्तरीण होती. नवशिक्यांना ‘माझं नाव अमुक’ शिकवणाऱ्या सेन्यो गल्लोगल्ली होत्या. पण विद्यार्थी जरा पुढे गेला, त्याला भाजीचा भाव कळू लागला, आणि आता हा माणूस मतं देणार अशी लक्षणं दिसू लागली, की त्याला ओदिलियाच्या टेबलाशी पाठवत. कारण स्पॅनिशमध्ये मत देणं म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला असं नसतं. ‘मला वाटतं, तो चांगला आहे’ म्हणताना क्रियापद छाती काढून उभं असतं. पण ‘मला वाटत नाही’ म्हटलं, की तेच क्रियापद लगेच अंग चोरतं, कपडे बदलतं, ‘तो चांगला असावा असं मला वाटत नाही’ असं हळू आवाजात बोलायला लागतं. शंका आली, इच्छा आली, भीती आली, की सगळीकडे हेच. हे कपडे कधी बदलायचे, ते ओदिलिया झोपेतही सांगू शकली असती.

आणि तिचं स्वतःचं सगळं आयुष्य त्याच बदललेल्या कपड्यांत चाललं होतं.

कोंबडीवाला विचारायचा, “सेन्यो, मागल्या खेपेची कोंबडी कशी होती?”

“तिच्या परीने चांगलीच असावी बिचारी,” सेन्यो म्हणायची.

भाचीने केस जांभळे करून घेतले आणि मावशीसमोर गिरकी घेतली. “रंग आहे खरा,” मावशी म्हणाली. पाद्रीबाबांनी प्रवचनाबद्दल विचारलं, तर म्हणाली, “देवालाच तेवढं सांगायचं असेल, तर तुम्ही तरी काय करणार, पाद्रे?” नगराध्यक्षाच्या निवडणुकीला उभे राहिलेले चारही उमेदवार तिच्या दारात येऊन गेले आणि चौघेही हे मत आपलंच असं समजून खुशीत परतले.

तिची आई, डोन्या एनकार्ना, वय एकोणऐंशी, हिला मतांची कधी टंचाई पडली नाही. ती शेजारणींना सांगायची, “ही जन्मली ना, तेव्हासुद्धा रडावं की न रडावं याचा विचार करत पडली होती. सुइणीने एक चापट दिली, तेव्हा कुठे ठरलं.”

पण अगदीच जन्मापासून असं नव्हतं. चोविसाव्या वर्षी ओदिलियाने एकदा, एकदाच, स्वच्छ मत दिलं होतं. तिचं ज्याच्याशी ठरलं होतं त्या मुलाने विचारलं, “मी उत्तरेला जाऊ का? दोन वर्षं राबेन, घर बांधण्यापुरतं मिळवेन, परत येईन.” ती म्हणाली, “जा.” तो गेला. लॉस एंजेलिसला त्याने घर बांधलं, लग्न केलं, त्याला तीन मुलं झाली. मोठ्या मुलीचं नाव त्याने ओदिलिया ठेवलं, एवढी जाण ठेवली. आपल्या एका शब्दाला इतकी फळं धरतात हे पाहिल्यावर तिने तो धंदाच बंद केला.

आता शाळेची गंमत सांगायला हवी. लांब व्हरांडा, बारा टेबलं, प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या. एक सेन्यो, एक विद्यार्थी. सकाळी आठपासून दुपारी एकपर्यंत समोरासमोर बसून बोलायचं. पाच तास! सख्ख्या बहिणी पाच तास बोलू शकत नाहीत. सोमवारी हवापाणी संपतं. मंगळवारी विद्यार्थ्याचं कुत्रं, त्याची आई, त्याच्या देशातला बर्फ हे सगळं उरकतं. बुधवारी सकाळी नऊ वाजता दोघं एकमेकांकडे बघत बसतात आणि अजून चार तास उरलेले असतात. मग सेन्यो काय करणार? घरचं काढते.

त्यामुळे सेन्यो आम्पारोची सासू चार खंडांत माहीत होती. ‘सासूने कपाटाची किल्ली स्वतःकडे ठेवावी, हे योग्य आहे असं मला वाटत नाही’, हे वाक्य किती देशांच्या लोकांनी किती तऱ्हेच्या उच्चारांत म्हटलं असेल, त्याला गणती नाही. एका जर्मन गृहस्थाने तर सासूबाईंना नाताळचं कार्ड पाठवलं, ‘किल्ली देऊन टाकावी अशी नम्र इच्छा’ असं लिहून. सासूबाई अजून विचारतात, हा कोण?

ओदिलियाकडे सासू नव्हती. तिच्याकडे टोपीवाला होता.

अकरा वर्षांपूर्वी तिने टाइपरायटरवर एक पानभर मजकूर तयार केला होता. तो असा:

‘एका शहरात एक बाई राहते. वय चाळीस. तिच्या घरी दर गुरुवारी एक टोपीवाला येतो. येताना सहा पाचे, म्हणजे पानात गुंडाळून उकडलेले बटाट्याचे मुटके, आणतो. बाई एक खाते, तिची आई एक खाते, दीड उरतो. टोपीवाला विधुर आहे. तो चष्मा टायने पुसतो, त्यामुळे दोन्ही वस्तू मळलेल्या असतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात “बघा ना” अशी करतो. त्याने अजून काही विचारलेले नाही. विचारले, तर बाईने काय करावे? टोपीवाल्याबद्दल आपले मत लिहा. किमान दहा वाक्ये.’

यात खोटं एवढंच, की तो टोपीवाला नव्हता. झेरॉक्सवाला होता.

जगाने भरभरून मतं दिली. जपानी दंतवैद्याने लिहिलं, आधी दात तपासून घ्यावेत. टेक्सासच्या एका धर्मोपदेशकाला वाटत होतं, गुरुवारचा रविवार करावा. एक फ्रेंच तरुण म्हणाला, लग्न करू नये, पण पाचे चालू ठेवावेत. एका इटालियन आजीला पाचव्या वाक्यातच रडू कोसळलं. स्वित्झर्लंडच्या मुलीने हिशेब करून दाखवला, की माणूस चार खाऊ शकत असताना अडीचवर थांबतो, तो भिडस्त तरी असावा किंवा आजारी तरी. ओदिलिया सगळ्यांचं ऐकून घ्यायची, लाल पेनाने क्रियापदं दुरुस्त करायची. निष्कर्षाला तिने कधी हात लावला नाही.

खरा टोपीवाला शाळेच्या खाली दोन चौक सोडून होता. डॉन आबेलिनो शिलोख, वय छप्पन, ‘आशीर्वाद झेरॉक्स’चा मालक. तिथे भिंतीवर पाटी होती: ‘येथे कागद वाचले जात नाहीत.’ अर्ध्या गावाचे घटस्फोट, मृत्युपत्रं, जमिनीचे वाद, प्रेमपत्रं आबेलिनोच्या हातांखालून गेली होती आणि त्यातलं अक्षरही त्याने वाचलं नव्हतं. “कागद पालथा ठेवायचा, झाकण लावायचं, बटण दाबायचं,” तो अभिमानाने सांगायचा. “वाचायला वकील आहेत.” त्यामुळे दुसऱ्या टोकाच्या वस्तीतले लोकही तीन झेरॉक्सची दुकानं ओलांडून त्याच्याकडे येत.

ओदिलिया टोपीवाल्याचं पान वर्षातून दोनदा त्याच्याकडेच झेरॉक्स करायला नेई. शाळेच्या ऑफिसात मशीन होतं. सेन्यो आम्पारोने एकदा विचारलंही, “तू कशाला उन्हातून जातेस गं?”

“आपलं मशीन धूसर काढत असावं,” ओदिलिया म्हणाली.

तर अशी अकरा वर्षं गेली. पान पिवळं पडलं. बाईचं वय चाळीसच राहिलं. आणि एका गुरुवारी, पाचे सोडून पानं ताटात ठेवता ठेवता, डॉन आबेलिनोने घसा साफ केला.

“बघा ना सेन्यो, झालंय काय, की खाली समुद्राकडे, रेताल्हुलेउला माझ्या बहिणीची पुढची खोली रिकामी झाली. कोर्टासमोर आहे. कोर्टासमोर झेरॉक्स म्हणजे... बघा ना. ती म्हणते, ये. पुढच्या शनिवारी तिच्या दिराचा ट्रक वर येतोय, मशीन घेऊन जायला.”

डोन्या एनकार्नाने तोंडातला घास गालात सरकवून ठेवला. ऐकताना चावण्याचा आवाज नको.

“रेताल्हुलेउला गरम फार असतं म्हणतात,” ओदिलिया म्हणाली.

“असतं. बघा ना, मी अजून हो म्हटलेलं नाही. म्हटलं, आधी तुम्हाला विचारावं. तुमचं मत काय?”

“माझं?”

“तुमचं.”

“तुमचं भलं होईल तेच व्हावं, डॉन आबेलिनो.”

“ते झालंच. पण जावं, की राहावं?”

“देवाच्या मनात असेल तसं.”

“देवाला विचारलं मी,” आबेलिनो म्हणाला. “तो तुमच्यासारखाच आहे. काही बोलत नाही.”

ओदिलियाने ताटातल्या पानाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “बहिणीलाही सोबत होईल,” ती शेवटी म्हणाली. हे मत नव्हतं. नुसतीच माहिती होती.

आबेलिनो उठला, टोपी घातली आणि दोघींना शुभरात्र म्हणून गेला. दार लागल्याबरोबर डोन्या एनकार्नाने गालातला घास गिळला.

“एकच खाल्ला त्याने.”

“भूक नसेल, आई.”

“अकरा वर्षांत त्याला भूक नव्हती असं एकदाही झालं नाही. त्याला ताप होता तेव्हाही त्याने अडीच खाल्ले. ‘जाऊ नका’ म्हणायला काय झालं होतं गं तुला? दोन शब्द आहेत. दोन्ही तू परक्यांना शिकवतेस.”

“मी कोण सांगणारी?”

“हो का? आणि मग मी कोण? तो गेला तर गुरुवारी मला पाचे कोण आणणार? आता हे वय आहे का माझं, चौथ्या चौकापर्यंत पाचे आणायला जायचं?”

आईने पाच्यांचा विषय काढला, की तिला खरं वाईट वाटलेलं असतं, हे ओदिलियाला माहीत होतं. तिने ताटं उचलली. पण तिला झोप लागली नाही, आणि रविवारी दुपारी तिने तेच केलं, जे ती आयुष्यात काही अडलं की करायची. टाइपरायटर काढला आणि टोपीवाल्याच्या पानाला एक परिच्छेद जोडला: ‘आता टोपीवाला समुद्राकडच्या गावी जायचे म्हणतो. त्याने बाईचे मत विचारले. बाई काही बोलली नाही. बाईने काय करायला हवे होते? आपले मत लिहा.’

आणि सोमवारी ते पान घेऊन गेली ‘आशीर्वाद झेरॉक्स’मध्ये.

“किती?” आबेलिनोने विचारलं.

“दहा.”

त्याने कागद पालथा ठेवला, झाकण लावलं, बटण दाबलं. झाकणाच्या कडेने दहा वेळा हिरवा उजेड सरकला. ओदिलिया त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. चेहरा भिंतीवरच्या पाटीसारखा होता.

त्या आठवड्यात तिच्या टेबलाशी बिर्गिट होती. डेन्मार्कची निवृत्त सुईण, वय सहासष्ट, हात कुस्तीगिराचे. तिचं स्पॅनिश अजून दोन-तीन हाडं मोडल्यासारखं चालायचं, पण थांबायचं नाही. बुधवारी ओदिलियाने तिला गृहपाठ दिला, टोपीवाल्याचं पान घेऊन गावात जायचं, तीन माणसांचं मत विचारायचं, लिहून आणायचं. हा गृहपाठ ती सगळ्यांनाच देई. आतापर्यंत सगळे विद्यार्थी शहाण्यासारखे बागेतल्या बाकावर बसून तिन्ही मतं स्वतःच रचून आणत. बिर्गिट खरोखर गावात गेली.

गुरुवारी सकाळी आठ वाजता ती येऊन बसली आणि तिने वही उघडली.

“एक. बाजारात मक्याची गरम पेज, आतोल, विकणारी बाई. तिचं मत, ‘लग्न करून टाकावं, टोपीवाला तर टोपीवाला.’ दोन. ट्रॅफिक पोलीस. त्याचं मत, ‘मत देण्याचा मला अधिकार नाही.’ तीन,” तिने पान उलटलं, “माझ्या कागदावर कॉफी पडली. म्हणून मी गेली झेरॉक्सवाल्याकडे.”

ओदिलियाच्या हातातलं पेन थांबलं. “कोणत्या?”

“खालचा. पाटीवाला. फार भला माणूस. मी म्हटली, मत द्या. तो म्हणे, मी वाचत नाही. मी म्हटली, मग मी वाचते. मी वाचली.”

“मनात?”

“मोठ्याने. उच्चारासाठी चांगलं असतं, तुम्हीच सांगितलं.”

“दुकानात अजून कोणी होतं?”

“सहा माणसं,” बिर्गिट खुशीत म्हणाली. “सगळ्यांना आवडलं. पाच्यांची गोष्ट आली, तेव्हा तो स्टुलावर बसला. चष्म्याची आली, तेव्हा त्याने चष्मा काढला, टायने पुसला, मग टायकडे बघितलं. शेवटी म्हणाला, लिहा माझं मत. मी लिहिलं. वाचू?”

सेन्यो नको म्हणेल असं वाटत होतं. पण नको म्हणणं हेही एक मतच झालं असतं.

बिर्गिटने वाचलं: “‘त्या बाईने अकरा वर्षं साऱ्या जगाचं मत विचारलं. टोपीवाल्याला विचारायचं तेवढं राहिलं. त्याने आता आणखी थांबावं, असं मला वाटत नाही.’ क्रियापद बरोबर आहे ना?”

“क्रियापद बरोबर आहे,” ओदिलिया म्हणाली. तिचा आवाज कुठल्या तरी दुसऱ्याच टेबलावरून आल्यासारखा आला.

बिर्गिटने वही मिटली. चाळीस वर्षं बायकांचे चेहरे वाचण्यात गेलेली बाई ती. तिला व्याकरण कमी कळत होतं, एवढंच.

“टोपीवाला तोच आहे.”

“असावा.”

“असावा नाही. आहे, की नाही?”

शेजारच्या टेबलावर सेन्यो आम्पारोने तिच्या विद्यार्थ्याला बोटाने गप्प केलं.

“आहे,” ओदिलिया म्हणाली.

“जातोय कधी?”

“परवा.”

“सेन्यो,” बिर्गिटने तिचा कुस्तीगिराचा हात टेबलावर ठेवला, “माझ्या कामात, मूल येत असतं, आई विचारते, आता काय करू? तिला ‘देवाच्या मनात असेल तसं’ म्हणून नाही चालत. म्हणायला लागतं, ‘जोर लाव.’ आता मी शिकवली, तुम्ही शिका. जोर लाव.”

पण जोर लावायचा म्हटल्यावर लगेच कुठे लागतो? ओदिलियाने ठरवलं, संध्याकाळी तो पाचे घेऊन येईल, तेव्हा बोलू. आई जेवणाच्या टेबलाशी पाचपासून बसली होती. साडेपाच झाले. पावणेसहा झाले. शेलात गुरुवारी संध्याकाळी पाच्यांचा वास येत नाही असं एकही घर नसतं. त्या दिवशी तसं एक घर होतं.

“येत नाही तो,” डोन्या एनकार्ना म्हणाली. “आणि ‘काही अडचण आली असावी’ असं म्हणालीस तर मी ही काठी उगारीन.”

ओदिलियाने शाल घेतली, शाळेच्या पिशवीतून एक कागद काढला, चौथ्या चौकात जाऊन सहा पाचे बांधून घेतले आणि ‘आशीर्वाद झेरॉक्स’ची वाट धरली.

दुकानात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. मशीन अजून चालू होतं आणि समोर रांग होती. सातबारा असावा तसला जमिनीचा लांबलचक कागद घेतलेला एक म्हातारा आणि मुलीची प्रमाणपत्रं घेऊन आलेली एक बाई. ओदिलियाला रांग सोडून पुढे जाता आलं असतं. पण तीही रांगेत उभी राहिली, पाचे पोटाशी धरून. ऊब लागत होती. म्हाताऱ्याने मागे वळून वास घेतला. “सहा?” त्याने विचारलं.

“सहा.”

म्हाताऱ्याचं झालं. तरी तो गेला नाही. बाईचं झालं. तीही प्रमाणपत्रं पुन्हापुन्हा मोजत उभी राहिली. बुधवारचं वाचन सहा जणांनी ऐकलं होतं आणि शेला मोठं असलं तरी एवढं मोठं नाही.

“किती प्रती?” आबेलिनोने वर न बघता विचारलं.

ओदिलियाने कागद काउंटरवर ठेवला. जुना, पिवळा, टाइपरायटरवरचा. आबेलिनोने सवयीने तो पालथा केला. तिने पुन्हा सुलटा केला.

“वाचा.”

“बघा ना सेन्यो, आपल्या दुकानात वाचत नाहीत. पाटी आहे.”

“पाटी मला माहीत आहे. तिचं शुद्धलेखन मीच तपासलं होतं. वाचा.”

“एकदा ऐकलं काल. पुष्कळ झालं.”

“काल ऐकलंत तो प्रश्न होता,” ओदिलिया म्हणाली. “हे उत्तर आहे. प्रत्येक प्रश्नाबरोबर सेन्यो आपल्यासाठी एक उत्तर लिहून ठेवते. विद्यार्थ्यांना दाखवत नाहीत. अकरा वर्षं, जानेवारीत आणि जुलैत, दोन्ही पानं मी इथे आणते. शाळेत मशीन आहे. फुकट आहे. आणि धूसर काढत नाही.”

आबेलिनोने चष्मा काढला. टायकडे हात गेला, तो अर्ध्यावर थांबला. त्याने शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या आणि वाचायला घेतलं. कागदावर वर लिहिलं होतं, ‘आदर्श उत्तर. फक्त शिक्षिकेसाठी.’ खाली:

‘या माणसाहून चांगला माणूस या शहरात असेल, असे मला वाटत नाही. त्याने अडीच पाचे खावेत, भूक असल्यास तीनही खावेत. त्याने टाय धुवायला द्यावा. त्याने विचारावे, आणि लवकर विचारावे, असे बाईला वाटते.’

त्याने एकदा वाचलं, दोनदा वाचलं. वाचायची सवय मोडलेली होती, वेळ लागला.

“काय लिहिलंय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“दुसऱ्याचा कागद आहे, बाबा,” आबेलिनो म्हणाला. मग ओदिलियाकडे बघून, “म्हणजे हे... मी माझ्या हाताने...”

“बावीस वेळा.”

“आणि मी पालथा...”

“बावीस वेळा.”

आबेलिनो स्टुलावर बसला. खोक्यांकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. “बघा ना सेन्यो,” तो हळूच म्हणाला, “कागदावरचं ठीक आहे. कागदावर तुमचे विद्यार्थीही लिहितात. मी तुम्हाला तोंडाने विचारलं होतं. पाच्यांची शपथ, पुन्हा एकदा विचारतो. जाऊ, की राहू?”

ओदिलियाने तोंड उघडलं. “तुमचं भलं...” असं सुरू झालं, आणि थांबलं. सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो ‘जा’ तिच्या जिभेवर अजून बसलेला होता, त्याला आधी बाजूला करावं लागलं. मग तिने जोर लावला.

“जाऊ नका!”

इतक्या वर्षांत न वापरलेला आवाज, त्याचा अंदाज कसा असणार? ते एवढ्या मोठ्याने आलं, की समोरच्या औषधाच्या दुकानातली मुलगी बाहेर येऊन बघू लागली. प्रमाणपत्रवाल्या बाईने कानात बोट घालून हलवलं.

“ऐकू आलं त्यांना, सेन्यो,” ती म्हणाली. “रेताल्हुलेउलाही आलं असेल.”

आबेलिनो उठला आणि त्याने मशीन बंद केलं. मग काउंटरवरचा पाच्यांचा पुडा सोडला आणि म्हाताऱ्याला एक दिला, कारण तो गेल्याशिवाय पुढचं काही बोलता येईल असं दिसत नव्हतं. म्हातारा तो घेऊन तिथेच खाऊ लागला.

शनिवारी ट्रक आला, तेव्हा बहिणीच्या दिराला रिकामा पाठवायला नको म्हणून आबेलिनोने मागे पडून असलेलं जुनं मशीन देऊन टाकलं. बहिणीला भाऊ हवा होता की मशीन, हा प्रश्नही त्यामुळे सुटला; तिने उलट निरोप पाठवला तो शाईचा. बिर्गिटला शुक्रवारी शाळेकडून मिळालेल्या प्रमाणपत्रावर तिचं नाव ‘ब्रिजिदा’ असं छापून आलं होतं. छापणाऱ्याचं लक्ष त्या दिवशी गावातल्या बातमीकडे होतं. तिने ते बदलून घेतलं नाही.

पाऊस सरला आणि ओदिलिया-आबेलिनोचं लग्न झालं. आता गुरुवारी नऊ पाचे येतात. डोन्या एनकार्नाचं मत आहे, की दहा यावेत.

एक गोष्ट मात्र बिघडली. बावीस वेळा हुकलेल्या माणसाने पाटी काढून टाकली. आता तो सगळं वाचतो. जमिनीचा कागद असो की मृत्युपत्र, आधी चष्मा, मग वाचन, मग “बघा ना, इथे धाकट्यावर अन्याय होतोय असं वाटत नाही का तुम्हाला?” घटस्फोटाच्या कागदांच्या प्रती त्याने तीनदा काढून द्यायच्या नाकारल्या, त्यातल्या एका जोडप्याने खरंच विचार बदलला, आणि तेव्हापासून तर त्याला आवरणं कठीण झालं आहे. दुसऱ्या टोकाच्या वस्तीतले लोक पुन्हा आपापल्या जवळच्या दुकानात जाऊ लागले आहेत.

टोपीवाल्याचं पान निकामी झालं. सुटलेल्या प्रश्नावर पाच तास कोण बोलणार? एका रविवारी सेन्योने टाइपरायटर काढला आणि नवीन कागद चढवला: ‘एका बाईच्या नवऱ्याला गिऱ्हाइकांचे कागद वाचून त्यांना मते देण्याची सवय लागली आहे. बाईने काय करावे? आपले मत लिहा. किमान दहा वाक्ये.’

आणि सोमवारी सकाळी, कोणी यायच्या आत, शाळेच्या ऑफिसातल्या मशीनवर तिने त्याच्या दहा प्रती काढल्या.